कॅमेऱ्यावर टॉवेल कोण टाकतं?

"मॅडम, आईसाठी चोवीस तासांची बाई ठेवलीय, कॅमेरे लावलेत, तरी जिवाला घोर आहेच." समुपदेशक म्हणून परदेशातल्या मुलामुलींकडून हे इतक्यांदा ऐकते की पुढचं मलाच पाठ झालंय.

कोथरूडच्या एका आजींची मुलगी मेलबर्नला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) रोज दुपारी बेडरूमच्या कॅमेऱ्यावर टॉवेल पडायचा. मुलीनं बाया पुरवणाऱ्या ब्यूरोला सांगून बाई बदलली, तरी टॉवेल पडतच राहिला. आता परभणीकडच्या नव्या मावशींवर संशय. व्हिडिओ कॉलवर तिघी समोर असताना मी सरळच विचारलं, "टॉवेल कोण टाकतं?"

मावशी गप्प. आजी म्हणाल्या, "मी टाकते. ही रात्रीतून तीनदा मला बाथरूमला नेते. दुपारी हिचा जरा डोळा लागला की तुझा फोन! ही सोडून गेली तर मला तुझा कॅमेरा उचलणार आहे का?"

मुलगी बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "पण आई, पैसे मी देते ना!"

गाठ इथेच होती, आणि ती सुटेल हे मला तेव्हाच कळलं. पगार ॲपवरून, औषधं ऑनलाइन, सूचना व्हॉट्सॲपवर. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखलासुद्धा आता मोबाइलला चेहरा दाखवून. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण जन्मभर घर चालवलेल्या बाईला दुधाचा हिशेबही कुणी विचारेना. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचाराची, म्हणजे त्रास घटनेपेक्षा आपल्या हट्टी विचारांनी होतो असं मानणारी. घोर लावतो तो 'आईला काहीही होताच कामा नये' हा हट्ट, आणि कॅमेरा त्याला दिवसभर खुराक देतो.

आम्ही ठरवलं ते असं: बेडरूममधला कॅमेरा काढायचा, हॉलमधला राहू द्यायचा. दुपारचे दोन तास मावशींच्या झोपेचे. पैसे मुलीनं आजींच्या खात्यात टाकायचे, पगार आजींनी स्वतःच्या हातानं द्यायचा. तक्रार आधी आईशी बोलायची, मग ब्यूरोशी. ब्यूरोला हेही विचारा की आपण देतो त्यातले बाईच्या हातात किती पडतात. उत्तर टाळणाऱ्यांकडे बाया टिकत नाहीत, हा माझा अनुभव.

स्मृतिभ्रंश असेल, माणूस दार उघडून बाहेर पडत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे लक्ष ठेवणारं यंत्र लागतंच. मारहाणीचा किंवा उपासमारीचा संशय आला तर मात्र माझ्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि शेजाऱ्यांकडे घराची किल्ली असू द्या.