ड्रोन उतरताना गिरकी घेऊन पडतंय? कंपासकडे नंतर वळा, आधी बॅटरी बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. ७ किलोचं क्वाडप्लेन (चार लिफ्ट मोटरवर हवेत उभं राहून, म्हणजे हॉवर करत, चढणारं-उतरणारं आणि मध्ये पंखावर उडणारं ड्रोन), सहा सेलचा २० अँपिअर-अवरचा लिथियम-आयन पॅक, संगमनेरजवळ मे महिन्यात मॅपिंग. ७० मिनिटांनी परत आलं, स्क्रीनवर २८ टक्के बॅटरी, हॉवरमध्ये सरळ खाली येत होतं आणि साधारण १२ मीटरवर स्वतःभोवती फिरायला लागून कोसळलं. विक्रेता म्हणतो कंपास बिघडला, नवीन जीपीएस-कंपास मॉड्यूल घ्या.

घेऊ नका. निदान आठवडाभर तरी नको. हेच दुखणं, हेच निदान आणि तोच सल्ला मी पैसे मोजून विकत घेतला आहे. नवीन कंपास बसवल्यावर दुसऱ्यांदा आपटलं, तेही तसंच.

ट्रान्झिशन (हॉवर आणि पंखावरचं उडणं यांतली अदलाबदल), एअरस्पीड सेन्सरचं कॅलिब्रेशन, सीजी (गुरुत्वमध्य) वगैरे तुम्हाला येतंच असं धरून पुढे लिहितो.

व्हीटीओएलची (उभं चढणाऱ्या-उतरणाऱ्या विमानाची) गोम अशी की सगळ्यात जास्त ताकद लागते शेवटच्या दीड मिनिटात, आणि बॅटरी सगळ्यात मलूल असते तीही तेव्हाच. साध्या विमानाला उतरताना मोटर बंद असली तरी चालते. मल्टिरोटर टेकऑफपासून लँडिंगपर्यंत सारखाच करंट ओढतो, त्यामुळे पॅक बसत चालला की वाटेतच कळतं. क्वाडप्लेन मात्र तासभर पंखावर आरामात तरंगतं आणि बॅटरीचं खरं रूप जमिनीपासून २० मीटरवर दाखवतं.

तुम्ही लॉगमधले (विमानाने उड्डाणात स्वतः नोंदवलेले) जे आकडे दिलेत त्यांचंच गणित करू. पंखावर उडताना २०.४ व्होल्ट, ११ अँपिअर. हॉवरला लागल्यावर १७.९ व्होल्ट, ४७ अँपिअर. व्होल्टेज २.५ ने पडलं, करंट ३६ ने वाढला. २.५ भागिले ३६ म्हणजे जवळपास ७० मिलीओहम, पॅक, वायर आणि कनेक्टर सगळं धरून. अशा आकाराच्या नव्या, चांगल्या पॅकला हा आकडा ३५ ते ४०च्या आसपास यायला हवा. म्हणजे तुमचा पॅक म्हातारा झालाय किंवा कुठेतरी जोड सैल आहे. दोन्हीही असू शकतं.

आता मोटरचा जोर. प्रोपेलरचा कमाल थ्रस्ट ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. विक्रेत्याचा तक्ता म्हणतो वजनाच्या दुप्पट जोर, पण तो २५.२ व्होल्टला, बेंचवर. १७.९ ला तोच जोर निम्मा होतो, म्हणजे जेमतेम वजनाइतका. त्यात मे महिन्याची दुपार: साधारण ५५० मीटर उंची आणि ४० अंश तापमान धरलं तर हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा १४ टक्के विरळ. तेवढं वजा करा, मग काय उरतं बघा. विमान पडणारच होतं.

गोल का फिरलं, तर मोटर कमाल मर्यादेला भिडल्या की फ्लाइट कंट्रोलर आधी रोल आणि पिच (आडवा आणि पुढे-मागे कल) सांभाळतो आणि यॉ (स्वतःभोवती फिरणं) सोडून देतो. म्हणून कोसळण्याआधी गिरकी दिसते, आणि गिरकी दिसली की लोक कंपासवर बिल फाडतात. लॉगमध्ये क्यूट्यून हा संदेश (हॉवरच्या नोंदी) उघडा. त्यात थ्रॉटल आउट १ ला, म्हणजे पूर्ण ताकदीला, चिकटलाय, मागितलेला क्लाइम्ब रेट आणि प्रत्यक्षातला क्लाइम्ब रेट यांत फट पडत चाललीय आणि त्याच वेळी व्होल्टेज खाली जातंय, असं दिसलं तर ती बॅटरीच. एकच मोटर आउटपुट (मोटरला जाणारा सिग्नल) १९५० मायक्रोसेकंदांच्या वर आणि कर्णावर समोरची मोटर तळाला असेल तर मात्र मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) किंवा प्रोपेलरचा दोष.

ज्या सर्व्हिस विभागाने मला "पायलट एरर, कंपास बदला" असं लिहून दिलं, त्यांनी लॉग उघडलाच नव्हता. बॅटरी 'तपासली' होती ती खिशातल्या सेल-चेकरवर, शून्य लोडवर! शून्य लोडवर मेलेला पॅकसुद्धा ठणठणीत दिसतो. वॉरंटी क्लेमच्या कागदावर एकदा तो शिक्का बसला की विमा सर्वेक्षकही तेच उतरवून घेतो. तेव्हा लॉग फाइल आधी स्वतःकडे कॉपी करा, मगच विमान पाठवा. असो.

माझी सगळ्यात महागाची चूक म्हणजे बॅटरी फेलसेफ (बॅटरी कमी झाली की आपोआप परत फिरवणारं सेटिंग) व्होल्टेजवर लावणं, सेलमागे ३.१, म्हणजे पॅकला १८.६. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पंखावर ११ अँपिअर ओढताना व्होल्टेज तिथपर्यंत पोचतच नाही. पोचतं ते हॉवरमध्ये, आणि वर १० सेकंदांचा डिफॉल्ट टायमर. विमान उतरायला लागल्यावर फेलसेफ ओरडतो, आणि काय सांगतो, तर घरी परत जा. तुमच्या पोस्टवरून तुमचंही सेटिंग असंच दिसतंय.

व्होल्टेजचा फेलसेफ शेवटचा आधार म्हणून राहू द्या. खरा फेलसेफ एमएएचवर (मिलीअँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत उरलेला चार्ज) लावा. त्याआधी पॅक चार्जरवर पूर्ण डिस्चार्ज-चार्ज करून खरी क्षमता मोजा. समजा २० ऐवजी १७ अँपिअर-अवर भरली. तर बॅटरी कपॅसिटी पॅरामीटरमध्ये १७००० लिहा, लेबलवरचा आकडा नाही. तळाचे २० टक्के विसरा, म्हणजे हातात १३.६. त्यातून दोन मिनिटांच्या हॉवर लँडिंगचे १.६ काढा. कुणी गुरं घेऊन मध्ये आलं आणि लँडिंग सोडून द्यावं लागलं तर आणखी १.६. आणि २ किलोमीटरवरून समोरचा वारा घेत परत यायला ०.८, कारण १८ मीटर प्रति सेकंदाचं विमान १० च्या वाऱ्यात फक्त ८ ने सरकतं. उरले ९.६. तेवढे वापरले गेले की परत फिरायचं, म्हणजे लो फेलसेफ ७४०० एमएएच शिल्लक असताना. टेकऑफ आणि चढाईचे १.२ वजा केले तर पंखावरची ४५ मिनिटं मिळतात, ७० नाही. ब्रोशरमधली ९० तर विसराच. एका उड्डाणाचं शिवार दोन उड्डाणांत करा.

एक पथ्य. एमएएच मोजणी पॅक पूर्ण भरलेला होता असं गृहीत धरते. सकाळी अर्धा वापरलेला पॅक दुपारी परत लावलात तर तो आकडा खोटा. आणि करंट सेन्सर आधी चार्जरशी ताडून घ्या: उड्डाणानंतर चार्जरने जेवढे भरले तेवढेच लॉगने मोजलेत का.

परतीचा मोडही बघा. आर्डूपायलटमध्ये (फ्लाइट कंट्रोलरचं फर्मवेअर) क्यू आरटीएल मोड हे सेटिंग ० असेल तर साधं आरटीएल (घरी परत) लावल्यावर विमान घराच्या डोक्यावर पंखावर घिरट्या घालत बसतं, उतरत नाही. १ केलं तर पंखावर येऊन मग हॉवरमध्ये उतरतं. क्रिटिकल फेलसेफला बरेच जण बेधडक क्यूलँड (आहे तिथेच हॉवरमध्ये उभं उतरणं) लावतात. १२० मीटरवरून क्यूलँड म्हणजे डिफॉल्ट वेगाने दीड मिनिट हॉवर, तेही क्रिटिकल बॅटरीवर, आणि खाली ऊस की विहीर हे तुमच्या नशिबावर. नव्या फर्मवेअरमध्ये आधी पंखावर घिरट्या घालत खाली येऊन मग उतरण्याचा पर्याय आहे, तो घ्या. मिशनमधला लँडिंग ॲप्रोचही ४० मीटरवर नको, झाडं परवानगी देतील तितका खाली, २० ते २५ मीटर.

कनेक्टर हाताळून बघा. लँडिंगनंतर लगेच बोट लावा. धरवत नसेल इतका गरम असेल तर तो बदला. सोनेरी पिनवर चॉकलेटी-निळसर डाग दिसले की समजायचं तिथेच व्होल्टेज जळतंय. ४७ अँपिअरला एक्सटी ६० कनेक्टर मला पटत नाही, एक्सटी ९० किंवा त्याच्या वरचा लावा.

गिरकीला हातभार लावणारी अजून एक गोष्ट म्हणजे लिफ्ट मोटरची कार्बन नळी क्लॅम्पमध्ये २-३ अंश पिळली जाणं. शांत हवेत हॉवर करा आणि लॉगमध्ये ५-६ आणि ७-८ या आउटपुट जोड्यांची (एक जोडी एका दिशेने फिरणाऱ्या मोटरची, दुसरी उलट दिशेच्या) सरासरी ताडा. १०० मायक्रोसेकंदांहून जास्त फरक असेल तर नळी पिळली आहे, आणि यॉसाठी ठेवलेला जोर आधीच खर्च होतोय. क्लॅम्पवर नळीला आरपार पांढरी रेघ मारून ठेवा, सरकली की दिसते.

नवा किंवा शंकेचा पॅक मॅपिंगला नेण्याआधी गवतावर २-३ मीटर उंचीला, पॅक ३० टक्क्यांवर असताना, पेलोडसकट ६० सेकंद हॉवर करा. लोडखाली सेलमागे ३.२ व्होल्टच्या खाली गेला किंवा थ्रॉटल ७० टक्क्यांच्या वर चढला, तर तो पॅक या विमानाचा नाही. हे आकडे लिथियम-आयनचे, लिपोला (लिथियम-पॉलिमर) ३.५ धरा. आणि वर केलेला मिलीओहमचा भागाकार प्रत्येक उड्डाणानंतर वहीत लिहा. नव्याच्या दीडपट झाला की मी पॅक मॅपिंगमधून काढतो. काहींना हे फार कडक वाटतं, वाटू दे.

उतरताना जोर कमी पडण्याचं हे रडगाणं फक्त आपल्या खेळण्यांचं नाही हं. गोव्यात दाबोळीला नौदलाची सी हॅरियर, उभी उतरणारी लढाऊ विमानं, २०१६ पर्यंत होती. त्यांच्या पेगासस इंजिनालासुद्धा गरम हवेत उभं उतरताना जोर कमी पडायचा, म्हणून आत पाणी फवारायची सोय होती. पाणी पुरायचं दीडेक मिनिट. तेवढ्यात उतरायचं.

मी इंजिनिअर नाही, तुमचा लॉग मी पाहिलेला नाही, आणि फर्मवेअरच्या आवृत्तीप्रमाणे पॅरामीटरची नावं बदलतात, तेव्हा आपापल्या आवृत्तीत तपासून घ्या. ७ किलो म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे स्मॉल वर्ग; टाइप सर्टिफिकेट असलेल्या विमानात वेगळ्या मेकचा पॅक टाकण्याआधी उत्पादकाकडून लेखी घ्या, नाहीतर पुढच्या क्लेमला तेच कारण पुढे करतील.

क्यूट्यूनचा आणि बॅटरीचा ग्राफ एकाखाली एक लावून शेवटच्या ४० सेकंदांचा स्क्रीनशॉट इथे टाका. थ्रॉटल आउट १ ला चिकटलेला दिसला नाही तर मी माझं म्हणणं मागे घेतो आणि आपण कंपासकडे वळू.