फिजिक्स आणायचं तर पुरतं आण

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

अमरावतीहून सुट्टीत आलेले इंजिनीअरिंगचे पोट्टे तुझ्या छपरीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) खेळायला बसतात आणि दर डावात "पण फिजिक्सनं तर असं होते ना!" म्हणून तुला अडवतात, हे वाचून मला बरंच वाटलं. तास संपल्यावरही कुणी न्यूटनवरून भांडतंय, हे आम्हा मास्तरांच्या नशिबी सहसा येत नाही. तू डीएम आहेस, म्हणजे खेळ चालवणारी. नाही म्हणू नकोस, फक्त एक अट घाल: फिजिक्स आणायचं तर पुरतं आणायचं. सोयीचं तेवढं नियमांतून आणि फायद्याचं तेवढं न्यूटनकडून, असं चालणार नाही.

त्यांचा तो मजुरांच्या रांगेचा डाव जुनाच आहे, 'पीझंट रेलगन' म्हणतात त्याला. 2,000 माणसं पाच-पाच फुटांवर उभी करायची, प्रत्येकाने 'रेडी' ॲक्शन घ्यायची (म्हणजे आपली कृती आधीच ठरवून ठेवायची आणि वेळ आली की लगेच करायची) आणि बांबू हातोहात पुढे द्यायचा. लढाईची एक फेरी 6 सेकंदांची, म्हणून तेवढ्यात बांबू 10,000 फूट, म्हणजे तीन किलोमीटर जातो. सेकंदाला सुमारे 500 मीटर. आवाजाच्याही पुढे! (कापूस वेचायला दहा माणसं मिळता मिळत नाहीत आणि यांना दोन हजार लागतात, ते सोड.)

आता पाटी घे. एकेका मजुराच्या वाट्याला 3 मिलिसेकंद येतात. बांबू दोन किलोचा धर. तेवढ्या वेळात त्याला 500 मीटरच्या वेगाला न्यायचं तर पहिल्याच गड्याला सव्वातीन लाख न्यूटनांहून जास्त जोर लावावा लागेल, म्हणजे हातावर जवळपास 34 टनांचा भार. दुसऱ्याने तो झेलायचा आहे, त्याच्या पंजाचं काय ते त्यांनाच विचार. आणि "नियमांत बसते" असं म्हणाले, तर शेवटही नियमांनीच कर. हातातली वस्तू फेकून मारली की इजा एका डी-फोरची, म्हणजे चार बाजूंच्या एका फाशाची, बस. 2024 च्या डीएमच्या पुस्तकात तर रांगेच्या याच युक्तीचं उदाहरण देऊन सांगितलंय की खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

पडण्याच्या नियमाची मात्र त्यांना थट्टा करू देऊ नकोस. दर 10 फुटांना एका डी-सिक्सची, म्हणजे सहा बाजूंच्या फाशाची, इजा. ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते, म्हणून हा हिशेब मला फार आवडतो. 70 किलोचा माणूस 10 फूट पडला की सुमारे 2,100 जूल. तोच तुझ्या एका फाशाचा भाव. आपल्याकडची पन्नास फुटांची विहीर म्हणजे पाच फासे, सरासरी साडेसतरा गुणांची इजा. पहिल्या लेव्हलचा (नवखा) जादूगार तिथेच आटोपला.

गडबड आहे ती मर्यादेत. नियम 200 फुटांवर, 20 फाशांवर थांबतो. सरासरी 70. वरच्या लेव्हलचा लढवय्या चिखलदऱ्याच्या कड्यावरून उडी मारून कपडे झटकत उठेल. खरं तर हवेच्या विरोधामुळे पडणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला साधारण 55 मीटरवर स्थिरावतो. तेवढ्या वेगाची ऊर्जा फाशांत मोजली तर 50 फासे होतात. मी तुझ्या जागी असतो तर पोट्ट्यांना म्हटलं असतं, "बरोबर आहे तुमचं, फिजिक्सच लावू," आणि मर्यादा 50 करून टाकली असती. त्यानंतर कुणी कड्याजवळ फिरकणार नाही.

फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्राला लागणारं सामान कधी वाचलंस का? वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. विष्ठेतून नायट्रेट, वर गंधक. कोळसा तेवढा चुलीतला घेतला की बंदुकीची दारू तयार. विष्ठा तर गावातल्या पडक्या गढीत हवी तेवढी. लाइटनिंग बोल्टला, म्हणजे विजेच्या मंत्राला, फरचा तुकडा आणि काचेची कांडी लागते; शाळेत घासून कागदाचे कपटे उचलायचो, तेच स्थिर विद्युत. लिहिणाऱ्यांनी खोडी काढून ठेवलीय आणि ही इंजिनीअर मंडळी ती न वाचताच फासे टाकतात.

खेळाच्या जुन्या आवृत्तीतला फायरबॉल आणखी मजेदार होता. तो सुमारे 33,000 घनफूट जागा भरायचाच. दहा बाय दहाच्या भुयारात टाकला तर आगीची लांबी 330 फूट! ती मागे वळून टाकणाऱ्यालाच भाजायची. एवढी आग, पण दाब जवळजवळ नाही, असंही तिथे लिहिलेलं. वायूंचे नियम शिकवणाऱ्याने तिथे डोळे मिटावेत.

राहता राहिला चौकटींचा नकाशा. तिथे सरळ चाला की तिरपं, एक घर म्हणजे पाचच फूट. पायथागोरस बाद. अशा जगात वर्तुळ चौकोनी निघतं आणि पायची (π) किंमत बरोबर 4 येते. हे आपणहून सांगू नकोस. त्यांच्यातला कुणी ड्रॅगनपासून तिरपा पळायला लागला की मगच काढ.

तुझे,
सर