नोकरी सोडून अभ्यासाला बसू का?

"सर, पोरीनं नोकरी सोडावी का नको, एवढंच सांगा." पन्हाळ्याकडच्या एका गावातले वडील बोलत होते. मुलगी गप्प. तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून ती दीड वर्ष कोल्हापुरातल्या एका लहान खाजगी दवाखान्यात होती. पगार बारा हजार. वडिलांचा हिशेब सरळ होता: घरी बसून अभ्यास करायचा, सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात लागायचं, मग स्थळंही चांगली येतात.

पूर्वी मीही "सोड आणि अभ्यास कर" असंच सांगायचो. एक मुलगी जाहिरातीची वाट बघत दोन वर्षं घरी बसली आणि सलाईन लावायला कचरू लागली. तेव्हापासून तो सल्ला बंद केला.

"मागचा पेपर कशात गेला?" मी मुलीला विचारलं.

"नर्सिंगचं आलं होतं सर. मराठी व्याकरण आणि बुद्धिमापनात गेला."

राज्याच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीत बहुतेकींचं हेच होतं. त्याला रोजचे दोन तास पुरतात, नोकरी सोडावी लागत नाही.

"दवाखान्यात खाटा किती?"

"बावीस."

इथं खरी मेख होती. राज्यात या पदाचं मूळ वेतन 35,400 पासून, एम्समध्ये 44,900 पासून. पण एम्सच्या नॉरसेट या नर्स भरती परीक्षेला जीएनएमवाल्यांकडून किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव मागतात, बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना ही अट नाही.

"म्हंजे दीड वर्ष फुकट गेलं व्हय?" वडील.

"शिकली ते शिकलीच. त्या अर्जात मात्र धरणार नाहीत. नोकरी सोडू नका, बदला. मोठं रुग्णालय बघा."

तेव्हा मुलगी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "मला सोडायचीच नव्हती. घरी बसले की हे लग्नाचं काढणार."

वडील खिडकीबाहेर बघत राहिले. नोकरीचा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न नोकरीचा नसतोच, असं माझं मत होत चाललंय. मी गप्प बसलो. मग शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा व्हावा तशी दोघांची घासाघीस सुरू झाली.

"एक वर्ष थांबतो."

"अनुभवच दोन वर्षांचा लागतोय की, आबा."

"बरं, दोन. पण निघंल ती जाहिरात भरायची."

"भरते."

दारातून बाहेर पडताना आबा तिला दटावत होते, "आणि ह्या बारीला आधी खाटा मोज, मगच रुजू हो."