मुंबईच्या जुन्या पाइपलाइनचं पाणी थेट नळातून प्यायचं का?

तुम्ही लिहिलंय की परळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये शिफ्ट होताय, घरात लहान बाळ आहे, कुणीतरी सांगितलंय की तिथले पाइप इंग्रजांच्या काळातले आहेत, मग नळाचं पाणी थेट प्यायचं का आणि आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर, घ्यावाच लागेल का. मी बरीच वर्षं पाणी तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम करतोय, सोसायट्या, हॉटेलं, शाळा यांचे सॅम्पल घ्यायला मुंबईभर फिरणं होतं, त्यामुळे जे रोज बघतो ते सांगतो. थेट पिऊ नका, बाळाला तर नाहीच. आरओ नको. आणि पाइप किती साली टाकला हे विचारण्यापेक्षा तो दिवसातून किती तास रिकामा असतो ते विचारा.

आधी चांगली बाजू, कारण मुंबईच्या पाण्याला उगाच शिव्या पडतात. पाणी सात तलावांतून येतं, त्यातला विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा, नंतर मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि शेवटी २०१४ ला मध्य वैतरणा. म्हणजे सिस्टीमचा सांगाडाच दीडशे वर्षांचा आहे आणि तो अजून चालतोय, त्यातलं बरंचसं पाणी तर पंप न लावता नुसत्या उतारावर शंभर-दीडशे किलोमीटर येतं, हे मला आजही भारी वाटतं. मग भांडुपच्या किंवा पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखं केमिकल टाकून गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन मारतात. भांडुपमधून बाहेर पडणारं पाणी मी डोळे मिटून पिईन. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने बीआयएसकडून, म्हणजे भारतीय मानक ब्युरोकडून, मोठ्या शहरांच्या नळांचं पाणी तपासून घेतलं होतं, त्यात मुंबईचे दहाच्या दहा नमुने सगळ्या निकषांवर पास झाले आणि दिल्लीचे सगळे नापास. मुंबईकरांनी तेव्हा व्हॉट्सअॅपवर कॉलर ताठ केली ती अजून खाली आली नाहीये. पण दहा नमुने हो, एक कोटीच्या वर माणसं आणि हजारो किलोमीटर पाइप असलेल्या शहरात, त्यावरून तुमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नळाचं काही ठरत नाही.

खरी गडबड शेवटच्या टप्प्यात होते. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येतं, कुठे दोन, कुठे चार, पालिकेचा चावीवाला वॉल्व्ह फिरवतो, एका भागाचं बंद होतं, दुसऱ्याचं सुरू होतं. लोकांना वाटतं बंद म्हणजे पाइपमध्ये पाणी नुसतं उभं राहतं. तसं नसतं, सखल भागातले लोक उरलेलं पाणी ओढून घेतात, सांध्यांतून गळून जातं आणि पाइप अर्धा किंवा पूर्ण रिकामा होतो. आता मुंबईत गळती आणि चोरी मिळून जवळपास चौथा हिस्सा ते एक तृतीयांश पाणी जातं असं सांगतात, आणि बातम्यांत ते नेहमी पाणी वाया गेलं म्हणूनच येतं, पण माझ्या धंद्यातला माणूस तो आकडा वेगळ्या नजरेने बघतो, कारण ज्या भोकातून प्रेशर असताना पाणी बाहेर जातं त्याच भोकातून प्रेशर गेल्यावर बाहेरचं आत येतं. आणि बाहेर काय असतं? चाळी आणि वस्त्यांच्या बोळात बघा, बारीक पाइपांची जुडगीच्या जुडगी गटारातून गेलेली असतात. पाइप अगदी नवा असू दे, सांधा नीट बसला नसेल आणि तो दिवसाचे वीस तास गटारात रिकामा पडला असेल तर धोका आहेच. उलट शंभर वर्षांचा पाइप चोवीस तास भरलेला आणि प्रेशरमध्ये असेल तर तो गळेल, पालिकेचं नुकसान करेल, पण तुमच्या पोटात सहसा घाण पाठवणार नाही.

त्यात भर म्हणजे मोटर. पाणी कमी दाबाने येतं म्हणून लोक थेट लाइनला बूस्टर पंप लावतात, हे बेकायदेशीर आहे आणि सर्रास चालतं. सरबताच्या स्ट्रॉला मधेच चीर असली की ओढताना हवा येते ना, तसं या पंपाने जोर लावला की लाइनमध्ये जिथे चीर असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि मजा म्हणजे ते पंपवाल्याच्याच घरी जाईल असं काही नाही, शेजारच्या चाळीत जातं. गॅस्ट्रोची साथ आली की सगळे महानगरपालिकेच्या नावाने ओरडतात आणि पंपांवर धाड पडली की तेच लोक नगरसेवकाकडे जातात.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या एका भागाला चोवीस तास पाणी द्यायला लागले आणि बाकी शहराला पूर्वीसारखंच काही दिवसांनी एकदा, तेव्हा अभ्यासकांनी दोन्हीकडचं पाणी तपासलं आणि चोवीस तासवाल्या भागात ई-कोलाय, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू, बराच कमी सापडला, शिवाय दुसरीकडे पाणी सुरू झाल्यावर येणारा पहिला लोंढा जास्त घाण असतो हेही दिसलं. नंतर तिथल्या घरांतली आजारपणं तपासली तर लहान मुलांच्या साध्या जुलाबात फारसा फरक नव्हता, पण टायफॉइड कमी आढळला आणि गरीब घरांतल्या मुलांना रक्ती जुलाब कमी होते. हे मला प्रामाणिक वाटतं, कारण जुलाब फक्त पाण्याने होत नाहीत, हात, अन्न, माश्या सगळंच आलं त्यात. मुंबईतही २०१४ च्या सुमाराला मुलुंड आणि वांद्र्यात चोवीस तास पाण्याचा प्रयोग काढला होता, पण तो काही शहरभर पोचला नाही, कारण आधी गळती थांबवल्याशिवाय प्रेशर टिकत नाही आणि प्रेशर टिकवलं की जुने सांधे फुटायला लागतात.

जुन्या पाइपांचा स्वतःचा दोष काय ते पण सांगतो. जुना ओतीव लोखंडाचा पाइप आतून गंजतो, गाठी गाठी येतात, पाण्याची वाट अरुंद होते, आणि त्या गाठींत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. तुम्हाला सकाळी पहिल्या बादलीत पिवळट-तांबूस पाणी दिसतं तो गंज. त्या प्रमाणातलं लोखंड दिसायला वाईट, कपड्यांना डाग पाडतं, पण सहसा आजारी पाडत नाही. लोकांची उलटी समजूत असते, तांबूस पाणी बघून घाबरतात आणि काचेसारखं स्वच्छ पाणी बिनधास्त पितात, आमच्याकडे नापास होणारे सॅम्पल बहुतेक दिसायला एकदम छान असतात. गंजाचा खरा तोटा हा की तो क्लोरीन खातो. बीआयएसच्या निकषात नळाच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे आणि १०० मिली पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये. प्लांटमधून निघताना क्लोरीन भरपूर असतो, पण वाटेत गंज, गाळ आणि तो बुळबुळीत थर मिळून खात खात शेवटच्या घरापर्यंत शून्य होऊ शकतो. क्लोरीनचा वास आला की लोक नाक मुरडतात, मला तो वास आला की बरं वाटतं.

क्लोरीन नसला की काय होतं ते पुण्यात २०२५ च्या जानेवारीत दिसलं. सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गुइलेन-बॅरे आजाराचे, पेशंट वाढले, संशयित २०० च्या वर गेले, पेशंटांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि त्या भागातल्या बऱ्याच ठिकाणच्या पाण्यात क्लोरीनच शिल्लक नव्हता. ही गावं महापालिकेत घेतली गेली, टॉवर उभे राहिले, पण नांदेडच्या विहिरीचं पाणी फिल्टर न होता तसंच जात होतं. तिथे काही ब्रिटिशकालीन पाइप नव्हते.

मोठ्या जलवाहिन्यांचं गणित निराळं. तानसाच्या लाइनी, त्यांच्या बाजूच्या झोपड्या, हायकोर्टाने दोन्हीकडे दहा मीटर मोकळं करायला सांगणं आणि तिथल्या लोकांना माहुलला पाठवणं, ही सगळी एक वेगळीच कहाणी आहे आणि तिच्यात शिरलो तर रात्र होईल. एवढंच सांगतो की या मोठ्या पाइपांना खरा धोका वयापेक्षा खोदकामाचा. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर अंधेरीतल्या सीप्झजवळ मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटरची लाइन फुटली आणि अंधेरीपासून वांद्र्यापर्यंत लोकांचे हाल झाले. म्हणूनच पालिका मोठ्या लाइनींऐवजी खोल बोगदे काढतेय, आणि हे काम चांगलं आहे, पण कुणाला दिसत नाही. गारगाई धरण म्हटलं, मनोरीचा समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प म्हटलं की लगेच फोटो, भाषण. गल्लीतला सहा इंची पाइप बदलून सांधे नीट केले तर नारळ कोण फोडणार.

आता तुमच्या बिल्डिंगकडे येऊ, कारण माझ्या अनुभवात नापास सॅम्पलपैकी मोठा वाटा पालिकेचा नसतोच, तो टाकीचा असतो. पालिकेच्या लाइनपासून बिल्डिंगपर्यंतचं कनेक्शन सोसायटीच्या खर्चाने लायसन्सवाला प्लंबर टाकतो, तिथून पुढे सगळं तुमचंच. जुन्या बिल्डिंगमध्ये जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर हातभर अंतरावर असतात, टाकीला तडे असतात, झाकण पार्किंगच्या लेव्हलला असतं आणि पावसात तिथे पाणी तुंबलं की थेट आत. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलेलं, वर फरशीचा तुकडा ठेवलेला, आजूबाजूला कबुतरं, बाकी सांगायला नको. आम्ही सॅम्पल दोन ठिकाणी घेतो, एक पालिकेचं पाणी येतं तिथे आणि एक घरातल्या नळाला. पहिलं पास आणि दुसरं नापास असा रिपोर्ट दिला की कमिटीची मीटिंग फार बघण्यासारखी होते.

तुम्हीही तेच करा. पैसे देऊन लॅबला बोलवायचं असेल तर माणूस निर्जंतुक बाटली आणतो का, नळाचं तोंड ज्योतीने तापवतो का, सॅम्पल बर्फात नेतो का ते बघा. कोकच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून नेणाऱ्याला तिथूनच परत पाठवा, त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. घरी स्वस्तात करायचं असेल तर क्लोरीनची ओटी टेस्ट आहे, गावाकडे आरोग्यसेवक करतात तीच, थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. दुसरी जंतू तपासायची एच टू एस बाटली, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर ते पाणी न उकळता प्यायचं नाही. पाऊस सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे जरूर तपासा.

आरओबद्दल, सेल्समन येऊन टीडीएस मीटर बुडवेल आणि घाबरवेल. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्याचा जंतूंशी संबंध नाही, आणि मुंबईचं तलावाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं असतं, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या खूप खाली. त्यात आरओ लावणं म्हणजे एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ ला म्हटलंच होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको. सोसायटी बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी सेक्रेटरीला स्पष्ट विचारा, कारण आपणहून कुणी सांगत नाही. नसेल तर गाळणी आणि यूव्हीवाला, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा, साधा फिल्टर पुरतो, फक्त सर्व्हिसिंग वेळेवर. बाळासाठी मात्र फिल्टरवर विसंबू नका, पाणी खळखळून उकळू द्या, मिनिटभर उकळी राहू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा. उकळलेलं पाणी न धुतलेल्या माठात ओतणारे लोक मी चिकार पाहिलेत.

टाकीत न साठवता थेट लाइनचा नळ असेल तर पाणी आल्या आल्या पहिली काही मिनिटं पिण्यासाठी भरू नका, ते भांडी-लादीला वापरा. जवळपास लाइन फुटली किंवा दुरुस्त झाली तर पुढचे दोन-तीन दिवस सगळ्यांनीच उकळून प्या. आणि पाण्याला गटाराचा वास आला किंवा गढूळ आलं तर १९१६ ला फोन लावा आणि वॉर्डच्या पाणी खात्यात लेखी पण द्या, परळ म्हणजे तुमचा एफ साउथ. तक्रारीत नुसतं घाण पाणी येतं असं लिहू नका, किती वाजता पाणी आलं, सुरुवातीला घाण होतं की शेवटपर्यंत, शेजारच्या बिल्डिंगमध्येही तसंच आहे का, हे लिहा, कारण फक्त पहिल्या पाच मिनिटांत घाण येत असेल तर ते लोक तुमच्या गल्लीतला सांधा शोधतात आणि दिवसभर येत असेल तर तुमची टाकी उघडायला सांगतात. टाकी सहा महिन्यांतून एकदा धुतली पाहिजे, शेवटची कधी धुतली त्याची तारीख बऱ्याच ठिकाणी टाकीवरच रंगाने लिहिलेली असते, घर ताब्यात घ्यायच्या आधी गच्चीवर जाऊन ती वाचून या.