गाभण उंटिणीला पेंड किती, पाला किती?

गाई-म्हशींना या वेळी सुट्टी. टपालात उंटच जास्त आहेत.

प्रश्न (ओझर): आमची उंटीण वरातीत चालते. जानेवारीत भरवली, नववा महिना सरला. ज्वारीचा कडबा पोटभर देतो. तेवढ्यावर भागेल ना?

नाही भागणार. उंटीण साधारण तेरा महिने गाभण राहते आणि पिल्लाची बरीचशी वाढ शेवटच्या तीन-चार महिन्यांत होते. म्हणजे खरी भूक आता लागणार. पाचशे किलोची उंटीण दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा खाते आणि या काळात त्यात १० ते १२ टक्के प्रथिनं हवीत. कडब्यात असतात जेमतेम चार टक्के. पोट भरलेलं दिसतं, पण निम्मीही गरज भागत नाही.

निम्मा कडबा कमी करून त्याजागी भुईमुगाचे वाळलेले वेल घाला. सोबत बाभूळ, बोर, कडुनिंबाचा पाला. उंट मुळात झाडावरचं ओरबाडून खाणारा प्राणी; दिवसातले काही तास तरी बांधावर सोडा. सुबाभूळ मात्र थोडाच, त्यातल्या मिमोसीन या विषारी घटकाने केस गळतात. एवढं करून पाठीवर हाडं दिसत असतील तर सरकी पेंड किलोभर, तीही पाव किलोपासून वाढवत न्या. दुधाळ गाईसारखा धान्याचा भरडा रपारप ओतू नका, पोटात आम्ल वाढून उंटीण आडवी होते. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड फुकट मिळाली तरी नको.

मिठाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष असतं. उंटाला ते गाईपेक्षा कितीतरी जास्त लागतं: रोज ५०-६० ग्रॅम, आणि शेजारी भरपूर पाणी. आणि वरात आता बंद.

प्रश्न (सिन्नर): रबारी मेंढपाळांचा डेरा दरवर्षी आमच्या रानात मेंढ्या बसवतो. त्यांच्या गाभण उंटिणींना चाळीतला सडका कांदा आणि द्राक्षछाटणीचा पाला दिला तर?

कांदा नको. जास्त कांद्याने जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते. द्राक्षाच्या पाल्यावर फवारे किती आणि कशाचे झाले, हे तुम्हालाच ठाऊक. म्हणून तोही नको. हरभऱ्याचं भूस द्या, डेऱ्यावरची माणसं खूश होतील.

प्रश्न (नाशिक, गोशाळेतील सेवेकरी): २०२३च्या मे महिन्यात शंभरावर उंट शहरात आले होते, तेव्हा आमची धांदल उडाली होती. पुन्हा तशी वेळ आली तर? एक पोल्ट्रीवाले उरलेलं खाद्य दान द्यायला तयार आहेत. त्यात प्रथिनं भरपूर असतात म्हणे.

ते दान हात जोडून परत करा. कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिओसिसवर (कोंबड्यांचा आतड्याचा रोग) मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला चालणारी ही मात्रा उंटाचे स्नायू आणि हृदय निकामी करते. गाभण असो वा नसो, उंट मरतात. या उत्तरातलं बाकी विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक: प्रथिनं स्वस्तात वाढवायला युरिया टाकण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतंच. चारा निकृष्ट असला की उंटाचं मूत्रपिंड स्वतःच युरिया राखून पोटाकडे परत पाठवतं आणि तिथले जिवाणू त्यापासून प्रथिनं बनवतात. वरून युरिया घालाल तर विषबाधा ओढवून घ्याल.

प्रश्न (येवला): पावसाळ्यानंतर उंटीण सातव्या महिन्यात गाभडली. खुराक कमी पडला का?

खुराकावर इतक्यात ठपका नको. पावसाळ्यात चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. उंटीण वाळत जाते, मधून मधून ताप येतो, गाभ पडतो. सर्रा आणि ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा जिवाणूंचा रोग) या दोन्हींसाठी रक्त तपासून घ्या. पडलेला गाभ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, ब्रुसेलोसिस माणसालाही होतो.

प्रश्न (चांदवड): व्यालेली उंटीण पिल्लाला चाटतच नाही. नाकारते का?

नाही, उंटिणी चाटत नाहीतच. अंगावरचा पातळ पापुद्रा तुम्ही कापडाने पुसा, नाळेला आयोडीन लावा. चीक मात्र पहिल्या काही तासांतच पाजा. आईची रोगप्रतिकारशक्ती गर्भात पिल्लाला जवळपास मिळतच नाही, ती चिकातूनच येते.