इंदूरहून नाशिक: मुक्काम धरणाकाठीच करा

ताई, तुम्ही विचारलंत की २६ जानेवारीची सुट्टी जोडून आई-बाबांना नाशिकला न्यायचंय, वाइनरी बघायची आहे, आईंना त्र्यंबकचं दर्शन हवंय, तर मुक्काम शहरात करावा का? आम्ही दर हिवाळ्यात जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहरात राहू नका. गंगापूर धरणाच्या बाजूला राहा. सुला, यॉर्क, सोमा या वाइनरी त्याच अंगाला आहेत. संध्याकाळी चाखून झालं की गाडीला हात लावायची वेळ येत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहाटे पाण्यावर धुकं असतं, ते विरलं की पलीकडचे डोंगर दिसू लागतात. बाबांना ही सकाळच जास्त आवडेल.

एक गोष्ट आत्ताच टिपून ठेवा, २६ जानेवारीला ड्राय डे असतो. वाइनरी आदल्या दिवशी उरका. आणि एकच बघा. आम्ही पहिल्या खेपेला एका दिवसात तीन केल्या. तिसरीत जीभ इतकी बधिर झाली होती की शिराझ वाइन काय आणि कॅबर्ने काय, काही कळेना.

वेळ मात्र तुम्ही उत्तम निवडलीत. द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते. युरोपात कडाक्याच्या थंडीत वेल झोपते, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून बागाईतदार दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्या दुसऱ्या छाटणीचे घड आता पिकतात. बागेत कुणी दिला तर शेनिन ब्लांक या वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून बघा. बाजारातल्या थॉमसनपेक्षा लहान, आत बिया, आणि गोडीच्या मागोमाग येणारा आंबटपणा. वाइनला तरतरी येते ती त्या आंबटपणामुळे. तोडणी बघायची तर भल्या पहाटे जा, मणी गार असतानाच घड उतरवतात.

त्र्यंबकला सोमवार टाळा, सकाळी लवकर निघा. आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं आहे. मागचा ब्रह्मगिरी म्हणजे गोदावरीचं उगमस्थान, पण पायऱ्या पुष्कळ आहेत. आईंच्या गुडघ्यांचा विचार करून तो खालूनच बघा. वाटेत अंजनेरी लागतं. पांडवलेणी मात्र सोडू नका. चढ आहे, पण थांबत थांबत जमतो. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. भिंतीवरची ती ब्राह्मी अक्षरं जवळून बघताना मला दर वेळी भरून येतं.

रस्ता आपला नेहमीचा एबी रोड, म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. बिजासनचा घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, साधारण चारशे किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर दुपारी चांदवडला पोचाल, तिथे थांबाच. तिथला होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामातेचं देऊळ इंदूरकरांनी न बघता पुढे जाणं मला पटत नाही. अहिल्याबाईंचं नाव आपण रोज घेतो, त्यांचा हा मुलूखही आई-बाबांना दाखवा.

स्वेटर आणि कानटोप्या मात्र विसरू नका. धरणावर पहाटे चांगलाच गारठा असतो.