सर्च इंजिन बदललं तरी जाहिराती पाठ सोडत नाहीत, तेव्हा

गूगल सोडून डकडकगो लावलं, कुकीजही (साइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या ओळखीच्या खुणा) पुसल्या, तरी एकदा बूट शोधले की चार दिवस बुटांच्याच जाहिराती दिसतात. मग आणखी वेगळं सर्च इंजिन घ्यायचं की अ‍ॅड-ब्लॉकर टाकायचा, आणि कोणता, असा प्रश्न आहे. आधी अ‍ॅड-ब्लॉकर. सर्च इंजिन नंतर सावकाश निवडा.

सर्च इंजिनला तुम्ही काय शोधलंत एवढंच कळतं. निकालावर क्लिक करून दुकानाच्या साइटवर गेलात की त्याचं काम संपलं. तिथलं पान मग स्वतःच गूगल, मेटा आणि इतर जाहिरात कंपन्यांच्या स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम, मागवतं, आणि तुम्ही कोणता बूट पाहिलात ही खबर त्यांच्याकडे जाते. इनकॉग्निटो विंडोनेही हे थांबत नाही. ती फक्त तुमच्या मशीनवर हिस्ट्री ठेवत नाही आणि बंद केल्यावर कुकीज टाकून देते. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, तोच राहतो.

डेस्कटॉपवर सरळ फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाका. टाकताना लेखकाचं नाव रेमंड हिल आहे का ते बघा. नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाचं एक्स्टेन्शन वेगळं आहे, ते घेऊ नका. अ‍ॅडब्लॉक प्लसही चालतं, पण त्यात ‘स्वीकारार्ह जाहिराती’ मुळातच चालू असतात आणि मोठ्या कंपन्या त्या यादीत राहण्यासाठी पैसे मोजतात. दोन ब्लॉकर एकत्र तर मुळीच नकोत. एकाने साइटला चकवण्यासाठी दिलेली खोटी स्क्रिप्ट दुसरा अडवतो, आणि ‘अ‍ॅड-ब्लॉकर बंद करा’ची पाटी येऊ शकते.

टाकल्यावर फार काही करावं लागत नाही. काय अडवायचं ते सांगणाऱ्या ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी आणि यूब्लॉकच्या स्वतःच्या याद्या आधीच चालू असतात. यूब्लॉकच्या डॅशबोर्डमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंग्जमध्ये, ‘फिल्टर लिस्ट्स’वर जाऊन कुकी नोटिसवाली यादी तेवढी वाढवा. ती बॅनर लपवते, तुमच्या वतीने नकार कळवत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. बाकी दिसेल त्या चौकटीत टिक मारत सुटू नका. याद्या वाढल्या म्हणून जाहिराती त्या प्रमाणात कमी होत नाहीत, साइट मात्र जास्त मोडतात आणि कोणत्या नियमाने मोडली हे शोधणं अवघड होतं. यूट्यूबवर अचानक जाहिराती दिसू लागल्या तर त्याच पानावर ‘पर्ज ऑल कॅशेस’ आणि मग ‘अपडेट नाउ’ दाबा. नवीन नियम बहुतेक वेळा तिथे आलेला असतो.

एखाद्या साइटवर पैसे भरायचं बटण चालेनासं झालं की लोक ब्लॉकरच काढून टाकतात. त्याची गरज नसते. यूब्लॉकच्या चिन्हावर क्लिक करून मोठं पॉवरचं बटण दाबा आणि पान रीलोड करा. तेवढ्या साइटपुरता तो बंद होतो. तरीही अडलं तर दोष यूब्लॉकचा नाही. अ‍ॅड्रेस बारमधल्या ढालीवर क्लिक करून फायरफॉक्सचं स्वतःचं ट्रॅकिंग संरक्षण त्या साइटसाठी बंद करून पाहा, विशेषतः ते ‘स्ट्रिक्ट’वर ठेवलं असेल तर. आणखी एक नेहमीचा घोळ असा की प्रायव्हेट विंडोत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही. एक्स्टेन्शनच्या पानावर ‘रन इन प्रायव्हेट विंडोज’ला परवानगी द्यावी लागते, नाहीतर ज्या विंडोत जास्त खाजगीपणा हवा तिथेच यूब्लॉक बंद. नव्या टॅबवरचे प्रायोजित शॉर्टकट मात्र यूब्लॉक काढू शकत नाही, कारण ते ब्राउझरचं स्वतःचं पान आहे. सेटिंग्जमध्ये ‘होम’मध्ये जाऊन ते हाताने बंद करा.

क्रोमच सोडवत नसेल तर पर्याय उरतो यूब्लॉक ओरिजिन लाइट. २०२५ मध्ये क्रोमने मॅनिफेस्ट व्ही-२ या जुन्या नियमावलीवर बांधलेली एक्स्टेन्शन बंद केली, त्यात पूर्ण यूब्लॉक ओरिजिनही गेलं. पूर्वी ब्लॉकर प्रत्येक विनंती जाताना स्वतः तपासून ठरवायचा. आता नियम आधीच क्रोमच्या हवाली करावे लागतात आणि अडवण्याचं काम क्रोम करतं. म्हणून लाइटच्या याद्या एक्स्टेन्शनच्या अपडेटबरोबरच येतात, आणि दर साइटनुसार बारीक नियंत्रण जवळपास जातं. रोजच्या बातम्या वाचायला पुरेल. त्यात फिल्टरिंग ‘ऑप्टिमल’वर आहे ना एवढं पाहा. ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरचा ब्लॉकर ब्राउझरमध्येच बांधलेला असल्यामुळे त्याला या बदलाचा फटका बसत नाही.

आता सर्च इंजिन. ‘आम्ही ट्रॅक करत नाही’ असं सगळेच लिहितात. खरा फरक पडतो तो निकाल कुठून येतात यावर. डकडकगोचे निकाल मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनचे असतात. बिंगला जे सापडत नाही ते तिथेही बहुधा सापडणार नाही. स्टार्टपेज ही डच कंपनी गूगलचे निकाल मध्यस्थासारखी आणून देते, म्हणून गूगलची सवय मोडत नसेल त्यांनी हे घ्यावं. २०१९ मध्ये तिच्यात सिस्टम वन या जाहिरात कंपनीने गुंतवणूक केली, ते खटकत असेल तर सोडा. ब्रेव्ह सर्च आणि ब्रिटनचं मोजीक यांचा स्वतःचा इंडेक्स, म्हणजे वेबपानांची स्वतः जमवलेली सूची, आहे. पण मोजीकचा लहान आहे, आणि इंग्रजी सोडून इतर भाषेत शोधताना ते चटकन जाणवतं. कागी पैसे घेऊन जाहिरातींशिवाय निकाल देतं. सर्चएक्सएनजी हे सर्च इंजिन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. दुसऱ्या कुणी चालवलेलं वापरलंत तर विश्वास त्या माणसावर ठेवायचा, एवढाच फरक. बहुतेकांना डकडकगो पुरतं. एखादा निकाल मिळाला नाही की शोधशब्दांपुढे उद्गारचिन्ह आणि रोमन एस व पी ही अक्षरं (!sp) जोडा, तोच शोध स्टार्टपेजवर उघडतो.

डकडकगोबद्दल २०२२ साली जो गदारोळ झाला तो त्यांच्या ब्राउझरचा होता. त्यात मायक्रोसॉफ्टच्या काही स्क्रिप्ट अडवल्या जात नव्हत्या, आणि ऑगस्टमध्ये ते बदललं. सर्च इंजिन आणि ब्राउझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाव एक असलं तरी.

ब्राउझरचं डिफॉल्ट सर्च इंजिन बदलताना सेटिंग्जच्या त्याच पानावर ‘सर्च सजेशन्स’ बंद करा. चालू असतील तर तुम्ही टाइप करत असतानाच अर्धवट शब्द सर्च इंजिनकडे जातात, मग एंटर दाबलंत की नाही याने काही फरक पडत नाही. ब्राउझर बंद करताना कुकीज पुसायची सवय असेल तर डकडकगोची सेटिंग्जही रोज पुसली जातील. त्यावर उपाय म्हणून त्यांच्या सेटिंग्जच्या पानावर बुकमार्कलेट (क्लिक केल्यावर सेटिंग्ज परत लावणारा बुकमार्क) मिळतं, आणि स्टार्टपेज सेटिंग्जसकट एक पत्ता देतं. तो बुकमार्क करा. जाहिराती दाखवायच्या की नाही याचंही बटण डकडकगोच्या सेटिंग्जमध्ये आहे. सॉफ्टवेअर शोधताना सर्वात वरच्या जाहिरातीतून खोट्या साइटवर जाण्याचा धोका खरा आहे. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये याच कारणासाठी अ‍ॅड-ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला होता.

अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक ओरिजिन चालतं, तेच टाका. इतर अ‍ॅपमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा), तिथे अ‍ॅडगार्ड या जाहिरात अडवणाऱ्या कंपनीच्या साइटवर दिलेलं होस्टनेम, म्हणजे त्यांच्या सर्व्हरचं नाव, भरायचं. पण डीएनएस फक्त डोमेन, म्हणजे साइटचं अख्खं नाव, अडवतो. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच डोमेनवरून आली, जसं यूट्यूबवर होतं, तर त्याचा इलाज नाही. सार्वजनिक वायफायवर लॉगिनचं पान उघडेनासं झालं तर हीच सेटिंग थोडा वेळ ‘ऑटोमॅटिक’वर न्या आणि जोडणी झाली की परत लावा. आयफोनवर यूब्लॉक ओरिजिन लाइट २०२५ पासून मिळतं, पण ते सफारीतच काम करतं. तिथे क्रोम उघडून ‘ब्लॉकर चालत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.